ताबा मागितला, भेट मिळाली: नातीसाठी न्यायालयात गेलेल्या आजी-आजोबांचे प्रकरण

येथे मांडलेले प्रकरण कोणा एका कुटुंबाचे नाही. आजी-आजोबा जे अर्ज घेऊन मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयात येतात, त्यांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचले आहे आणि म्हणूनच त्यात नावे नाहीत. कायद्याची कलमे आणि न्यायनिर्णय मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

लालबागला पुनर्विकासात मिळालेल्या घरात राहणारे हे आजी-आजोबा. आजोबा बेस्टमधून निवृत्त झालेले, घर त्यांच्याच नावावर. एकुलता एक मुलगा एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला, तेव्हा नात दीड वर्षाची होती. सून अंधेरीला नोकरी करीत असे. पुढची तीन वर्षे ती सासरीच राहिली. सकाळी आठला घर सोडायची आणि रात्री आठला परतायची. मधले बारा तास नात आजीजवळ असे. मे २०२४ मध्ये सुनेने पुनर्विवाह केला. आजी-आजोबांनी त्याला विरोध केला नाही, उलट ते लग्नाला हजर होते. नात आईबरोबर बोरिवलीला राहायला गेली आणि दर रविवारी लालबागला यायचे असे तोंडी ठरले.

हे चार महिने चालले. एका रविवारी परतल्यावर नात सावत्र वडिलांना म्हणाली, “तुम्ही माझे बाबा नाही. माझे बाबा फोटोत आहेत, आजी सांगते.” त्यानंतर कधी पाहुणे, कधी परीक्षा, कधी सर्दी अशी कारणे निघू लागली आणि भेटी विरळ झाल्या. दिवाळीच्या सुट्टीत आजोबा न कळवता बोरिवलीला गेले, सोसायटीच्या आवारात खेळणाऱ्या नातीला लोकलने लालबागला घेऊन आले आणि रात्री सुनेला फोन करून सांगितले. तोपर्यंत सून पोलीस ठाण्यात पोहोचली होती. गुन्हा नोंदला गेला नाही, पोलिसांनी समज देऊन मूल आईच्या हवाली केले. पण कायदेशीर पालकाच्या संमतीवाचून मूल नेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली अपहरणाचा गुन्हा ठरू शकतो, हे आजोबांना त्या रात्री प्रथम कळले. त्या दिवसापासून भेटी बंद झाल्या आणि फोनही बंद झाले.

पहिली नोटीस

दुखावलेल्या माणसाला त्या वेळी जो सल्ला मिळतो, त्यावर पुढच्या दोन-तीन वर्षांची दिशा ठरते. येथे तो सल्ला वाईट होता. आजी-आजोबांच्या पहिल्या वकिलांनी सुनेला नोटीस पाठवून नातीचा कायमचा ताबा मागितला. पुनर्विवाह केल्यामुळे आईचा मुलीवरचा हक्क संपला, परक्या पुरुषाच्या घरात मुलगी सुरक्षित नाही आणि पित्याच्या वंशाचे मूल पित्याच्या घरीच वाढले पाहिजे, असे तीन मुद्दे नोटिशीत होते. त्यांपैकी एकही कायद्यापुढे टिकणारा नाही, आणि दुसऱ्या मुद्द्याने तर सुनेच्या नव्या नवऱ्यावर कोणत्याही आधाराशिवाय शिंतोडे उडवले होते.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाचा नैसर्गिक पालक पिता आणि त्यानंतर माता. आजी-आजोबांचे नाव या यादीत कोठेही नाही. ‘त्यानंतर’ या शब्दाचा अर्थ केवळ ‘पित्याच्या मृत्यूनंतर’ असा नसून ‘पित्याच्या अनुपस्थितीत’ असा व्यापक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन प्रकरणात १९९९ मध्ये सांगितले. आपल्या प्रकरणात पिता हयातच नसल्याने तो प्रश्नही उरत नाही, आई हीच एकमेव नैसर्गिक पालक आहे. पुनर्विवाहाने हे पालकत्व जात नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १९ मध्ये २०१० साली दुरुस्ती झाल्यापासून तर हे आणखी स्पष्ट आहे: पिता किंवा माता हयात असून न्यायालयाच्या मते अपात्र नसेल, तर न्यायालय मुलाच्या व्यक्तीसाठी (म्हणजे संपत्तीसाठी नव्हे, संगोपनासाठी) दुसरा पालक नेमू शकत नाही. म्हणजे ताबा हवा असेल तर आई अपात्र आहे हे सिद्ध करावे लागणार, आणि जी बाई तीन वर्षे सासू-सासऱ्यांच्या घरी राहून नोकरी करून मूल वाढवत होती, तिच्याविरुद्ध ते कशाच्या जोरावर सिद्ध करणार होते?

नोटिशीचा एक परिणाम मात्र लगेच झाला. सुनेने वकिलामार्फत उत्तर दिले आणि त्यात संशय व्यक्त केला की, आजी-आजोबांना मुलीच्या नावावर येणाऱ्या पैशांवर नियंत्रण हवे आहे. मृत मुलाचा भविष्य निर्वाह निधी आणि विम्याची रक्कम यांचा हिशेब त्या वेळी मिटलेला नव्हता. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे मुलाच्या मागे त्याची आई, विधवा पत्नी आणि मुलगी या तिघी पहिल्या वर्गातील वारस, प्रत्येकीला समान हिस्सा. वडील या वर्गात येत नाहीत. आजीचा एक तृतीयांश हिस्सा कायद्यानेच होता, त्यासाठी नातीच्या पालकत्वाची गरज नव्हती. पण नोटिशीची भाषाच अशी होती की सुनेला पैशाचा वास येणे स्वाभाविक होते. भेटीच्या अनेक दाव्यांत मुलापेक्षा घर आणि पैसा यांवर अधिक पाने खर्च होतात, आणि माझ्या मते आजी-आजोबांनी टाळावी अशी पहिली गोष्ट हीच आहे.

न्यायालयांनी आजवर काय म्हटले आहे

नोटिशीनंतर आजी-आजोबांनी वकील बदलले. नव्या वकिलांनी त्यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय ठेवले, कारण शेजारीपाजारी आणि नातेवाईक त्यांना सतत सांगत होते की ‘कोर्टाने आजी-आजोबांना ताबा दिलाय, बातमी आली होती.’ बातमी खरी होती, फक्त तिची वस्तुस्थिती वेगळी होती.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईच्या आई-वडिलांकडे नातवाचा ताबा ठेवला. तेथे मुलीचा मृत्यू झाला होता आणि जावयावर तिच्या छळाबद्दल व मृत्यूबद्दल फौजदारी खटला चालू होता. २००९ मध्ये आजीकडे ताबा कायम ठेवला. तेथे आई बाळंतपणातच गेली होती आणि मूल जन्मापासून आजीने वाढवले होते. जून २०२२ मध्ये, कोविडमध्ये आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलाचा ताबा मावशीऐवजी वडिलांच्या आई-वडिलांना दिला. उच्च न्यायालयाने मावशीचे वय, नोकरी आणि मोठे कुटुंब पाहून ताबा तिला दिला होता. केवळ उत्पन्न हा निकष होऊ शकत नाही आणि आजी-आजोबांचा जिव्हाळा कमी लेखता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तिन्ही ठिकाणी जन्मदाते हयात तरी नव्हते, किंवा हयात असलेल्या पित्याबद्दल न्यायालयाला गंभीर शंका तरी होती, किंवा मूल जन्मल्यापासूनच त्याच्याकडे नव्हते.

याच्या उलट २०१९ चा निर्णय थेट मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेला आहे. आई कर्करोगाने गेली, मूल मावश्यांकडे वाढत होते, पित्याने ‘हेबियस कॉर्पस’ (बेकायदा ताब्यातील व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याचा) अर्ज केला आणि उच्च न्यायालयाने मूल पित्याकडे सोपवले. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला, मात्र मावश्यांचा मुलाशी संबंध एकदम तुटू दिला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आईच्या मृत्यूनंतर आजोळी राहणाऱ्या मुलाबाबतही नैसर्गिक पालक या नात्याने पित्याचा हक्क आजी-आजोबांपेक्षा वरचा ठरला. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका आजीला सांगितले की, नातवाशी असलेला भावनिक बंध तिला जन्मदात्यांपेक्षा मोठा हक्क देत नाही.

लालबागच्या या प्रकरणाला सर्वांत जवळचा निर्णय मात्र जुलै २०२२ चा आहे. तेथे मुलगा गेला, सुनेने पुनर्विवाह केला आणि आजी-आजोबांनी नातवाचे पालकत्व मागितले. खालच्या न्यायालयाने आईपासून मूल तोडण्यास नकार देऊन अर्ज फेटाळला, पण आजी-आजोबांना मर्यादित भेटीची मुभा दिली. पुढे वाद मुलाच्या आडनावापर्यंत गेला. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पित्याच्या मृत्यूनंतर आई हीच एकमेव नैसर्गिक पालक असल्याने आडनाव ठरवण्याचा, इतकेच काय दत्तक देण्याचाही अधिकार तिचा आहे. लालबागच्या आजी-आजोबांनी हा निर्णय वाचला, आणि ताब्याचा आग्रह त्यांनी स्वतःहून सोडला. खरे तर त्यांना ताबा हवा होता असे मला वाटत नाही. पंचाहत्तरीतल्या आजोबांना सहा वर्षांच्या मुलीची शाळा, शिकवणी आणि आजारपणे कायमची अंगावर घ्यायची नव्हती. त्यांना नात दिसायला हवी होती, आणि तेवढेच मागितले तर काहीच मिळणार नाही अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती.

भेटीचा अर्ज

भेटीसाठी आजी-आजोबांना स्वतंत्र हक्क देणारे कलम भारतात नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा २००७ चा कायदा अनेकांना आठवतो. तो चरितार्थ आणि मालमत्ता यांच्यासाठी आहे, नातवंडांच्या भेटीसाठी नाही. हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २६ पती-पत्नींमधील चालू दाव्यापुरते आहे. उच्च न्यायालयात ‘हेबियस कॉर्पस’ मागणेही येथे व्यर्थ होते, कारण मूल नैसर्गिक पालकाकडे असताना त्या ताब्याला बेकायदा म्हणता येत नाही. उरतो तो कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४. त्याच्या कलम ७ च्या स्पष्टीकरणात अज्ञान व्यक्तीचे पालकत्व आणि ताबा यांच्या जोडीला ‘भेट’ही आहे, आणि ही तरतूद पती-पत्नींपुरती मर्यादित ठेवलेली नाही. पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे मुलाचा कोणताही नातेवाईक अर्ज करू शकतो, आणि कलम १२ खाली न्यायालय अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापूर्वीचा तात्पुरता, आदेश देऊ शकते.

मूल जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयाला अधिकार असतो. नात बोरिवलीला असल्याने अर्ज वांद्रे-कुर्ला संकुलातील कौटुंबिक न्यायालयात दाखल झाला. सून डोंबिवलीला गेली असती तर तो ठाणे जिल्ह्यात करावा लागला असता. वांद्र्याला अशा अर्जाला ‘डी पिटिशन’ म्हणतात.

या अर्जाची भाषा नोटिशीच्या अगदी विरुद्ध होती. पहिल्याच परिच्छेदात अर्जदारांनी लिहिले की, ते आईच्या ताब्याला आव्हान देत नाहीत, नातीच्या संपत्तीचे पालकत्व मागत नाहीत आणि पूर्वीची नोटीस विनाअट मागे घेतात. सोसायटीच्या आवारातून मुलीला नेल्याची घटना त्यांनी लपवली नाही. आजोबांनी प्रतिज्ञापत्रात तिच्याबद्दल माफी मागितली. प्रतिपक्ष ती घटना पुढे आणणारच होता, त्यामुळे हे धोरण म्हणूनही योग्य होते, पण आजोबांच्या मनातही तेच होते.

आजीचे प्रतिज्ञापत्र या प्रकरणातला सर्वांत परिणामकारक कागद ठरला. वकिलांनी त्यांना ‘प्रेम’, ‘वात्सल्य’ असे शब्द न वापरता नातीचा दिवस लिहायला सांगितला. दुपारी बालवाडीतून आणल्यावर ती आधी वरण-भात खाते आणि मगच गणवेश बदलू देते. पावसाळ्यात तिला धाप लागते, तेव्हा नेब्युलायझरचा मास्क ती आजीच्या मांडीवर बसूनच लावू देते. झोपताना उशीखाली आजोबांचा रुमाल लागतो. सोबत लसीकरणाचे कार्ड, बालरोगतज्ज्ञांची फाइल आणि बालवाडीच्या वहीत मूल घरी नेताना आजीने केलेल्या सह्या जोडल्या होत्या. पालक व पाल्य अधिनियमाचे कलम १७ न्यायालयाला मुलाचे वय, लिंग, धर्म, नात्याची जवळीक आणि अर्जदाराचे मुलाशी असलेले किंवा पूर्वी असलेले संबंध पाहायला सांगते. या सह्या म्हणजे त्या संबंधांचा पुरावा होता. मुलीच्या आयुष्यातून वडील गेले, आणि तीन वर्षे ज्या दोन माणसांनी तिला सांभाळले तीही एका दिवसात नाहीशी झाली तर त्यात तिचे हित कोणते, एवढा एकच प्रश्न अर्जाने विचारला होता.

समुपदेशकांसमोर

कौटुंबिक न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा असे कायदाच सांगतो, आणि अशा प्रकरणांत खरे काम तेथेच होते. समुपदेशकांनी दोन्ही बाजूंना आधी वेगवेगळे आणि मग एकत्र बसवले. सुनेने तेथे जे सांगितले ते तिच्या लेखी उत्तरात कोठेही नव्हते. “आईंनी मला कधी वाईट वागवलं नाही. उलट माझ्या मुलीला त्यांनीच वाढवलं. पण दर रविवारी ती रडत परत यायची आणि पुढचे दोन दिवस घरात कोणाशी बोलायची नाही. मला हे लग्न टिकवायचं आहे.” आजींचे म्हणणे होते, “माझ्या मुलाचं नाव त्याच्याच लेकीपुढे काढायचं नाही का?”

दोघींचेही म्हणणे खरे होते. अशा दाव्यांत खोटे बोलणारे फार थोडे असतात. प्रत्येक जण आपापले दुःख मुलाच्या हिताच्या नावाने मांडत असतो, आणि समुपदेशकाला ते दोन्ही वेगळे करावे लागते. येथे ठरले ते असे: वडिलांबद्दल नातीशी मोकळेपणाने बोलावे, फोटो, वाढदिवस, आठवणी सगळे असावे, पण सावत्र वडिलांशी तुलना करू नये आणि ‘तुझे खरे घर हे’ असे म्हणू नये. सुनेने मान्य केले की, लालबागहून परतलेल्या मुलीला तेथे काय झाले याची उलटतपासणी करायची नाही.

न्यायाधीशांनी नातीशी चेंबरमध्ये काही मिनिटे बोलून पाहिले. सहा वर्षांच्या मुलीचे मत निर्णायक मानले जात नाही. समजून-उमजून मत देण्याइतके मोठे मूल असेल तर ते विचारात घ्यावे एवढेच कायदा म्हणतो. पण आजीबद्दल तिला भीती नाही, ओढ आहे, हे त्यातून दिसले.

अंतरिम आदेशाप्रमाणे पहिल्या चार भेटी न्यायालयाच्या इमारतीतील मुलांच्या संकुलात, समुपदेशकांच्या नजरेखाली झाल्या. तेथे खेळणी आहेत, भिंती रंगवलेल्या आहेत, तरीही ती न्यायालयाची खोली आहे आणि आजी-आजोबांना ते फार लागले. मला मात्र हा टप्पा आवश्यक वाटतो. आवारातून मूल नेल्याची घटना ताजी असताना आईचा विश्वास दुसऱ्या कोणत्या मार्गाने परत आला असता? चौथ्या भेटीनंतर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच लालबागला भेट आणि दर बुधवारी व्हिडिओ कॉल अशी व्यवस्था झाली. नातीला आणण्या-पोहोचवण्याचे काम आजोबांचे, आणि उशीर होणार असेल तर आधी संदेश पाठवायचा, हेही आदेशात लिहिले होते. अशा बारीक गोष्टी लेखी असणे महत्त्वाचे असते, कारण भेटीचे आदेश मोडतात ते बहुधा वेळेवरून.

नऊ महिन्यांनी दोन्ही बाजूंनी संमतीच्या अटी दाखल केल्या आणि त्यावर अंतिम आदेश झाला. त्यात गणपतीचा एक पूर्ण दिवस, वडिलांच्या श्राद्धाचा दिवस आणि मे महिन्याच्या सुट्टीतील एक आठवडा यांची भर पडली. शाळेची प्रगतिपत्रके आणि आजारपणाची माहिती आजी-आजोबांना कळवावी, पण त्यांनी शाळेशी परस्पर संपर्क करू नये, असेही ठरले. वारसा हक्काच्या पैशांचा हिशेब या अटींत आणलाच नाही. तो वेगळा पूर्ण झाला, आणि नातीचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहिला.

अटींमध्ये जे सुटू शकत होते

दोन गोष्टींवर सर्वाधिक चर्चा झाली. पहिली दत्तकाची. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाप्रमाणे दत्तकविधानानंतर मुलाचे जन्मकुटुंबाशी असलेले कायदेशीर संबंध संपतात. आधीच प्राप्त झालेली संपत्ती मात्र त्याचीच राहते. सावत्र वडिलांनी उद्या नातीला दत्तक घेतले तर आजी-आजोबा कायद्याच्या दृष्टीने तिचे कोण उरतील, ही भीती निराधार नव्हती. जुलै २०२२ च्या प्रकरणातही पुढे सावत्र वडिलांनी दत्तक घेतलेच होते. दत्तक रोखण्याचा अधिकार आजी-आजोबांना नाही, तसे मागणेही चूक ठरले असते. म्हणून दत्तकविधान झाले तरी भेटी चालू राहतील, असे लेखी अभिवचन सुनेने न्यायालयाला दिले. भेटीचा पाया मुलीचे हित हा असल्याने हे अभिवचन पुढे कामाला येईल, असा वकिलांचा युक्तिवाद आहे. मला तो पटतो, तरी यासाठी कायद्यातच तरतूद असायला हवी. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश ए. पी. शाह यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात ताब्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे सुचवली, त्यांत आजी-आजोबांसोबतच्या वेळेचाही विचार होता. त्यावर कायदा झालेला नाही आणि तोवर प्रत्येक कुटुंबाला हे अभिवचन नव्याने मिळवावे लागणार आहे.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. सुनेच्या पतीची पुण्याला बदली होण्याची शक्यता होती. मुंबईबाहेर राहायला जायचे झाल्यास साठ दिवस आधी लेखी कळवायचे, महिन्याच्या दोन शनिवारांऐवजी एक पूर्ण शनिवार-रविवार द्यायचा आणि प्रवासाचा खर्च दोघांनी निम्मा उचलायचा, असे कलम घातले गेले. मुलांच्या ताब्याविषयीचे आदेश कधीच कायमचे नसतात, परिस्थितीनुसार ते बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब प्रकरणात १९७३ मध्येच सांगून ठेवले आहे. त्यामुळे यातील कोणतीही अट नातीला जाचक ठरू लागली तर कोणत्याही बाजूला पुन्हा न्यायालयाकडे जाता येईल, अशी शेवटची अट त्यात आहे.